नंदीचा पाय अन् हसरी डॉक्टरीण

“म्याडम, लवकर या! भागवतच्या बैलाचा पाय मोडला, अन् उद्या पोळा!”

जऊळक्याच्या उकंडरावांचा फोन आला, तेव्हा गुरांची डॉक्टर वैभवी नुकतीच जेवायला बसली होती. ताट तसंच झाकून, औषधांची पेटी स्कूटीला अडकवून ती निघाली. ऐन पोळ्याच्या तोंडावर बैल लंगडा होणं म्हणजे काय, हे तिला, इंझोरी गावच्या शेतकऱ्याच्या लेकीला, कोणी सांगायला नको होतं. रिमझिम चालू होती. गावात शिरेपर्यंत ती चिखलानं पार माखली.

भागवतचं दुकान पाण्याच्या मोटारींच्या दुरुस्तीचं. जळालेल्या बोअरच्या मोटारी, तांब्याच्या तारा, आणि मधोमध पोत्यावर आडवा पडलेला बैल... वीतभर उंचीचा. लाकडी! तान्ह्या पोळ्याला लेकरं सजवून मिरवतात ना, तसला नंदी.

“म्या तं फोनवर नुसतं ‘बैलाचा पाय मोडला’ असं स्टेटस टाकलं होतं,” भागवत कपाळाला हात लावून म्हणाला. “उकंडकाका, तुमी थेट डॉक्टरच बोलावल्या?”

“मले काय माहीत लाकडाचा हाय म्हणून!” उकंडराव गोरेमोरे झाले आणि हळूच सटकले.

वैभवीचा मात्र जीव खालीवर झाला. नवी आली तेव्हा म्हातारे म्हणायचे, “थे पोट्टी काय बैल धरन?” तेव्हापासून बाईंनी हसणं कुलूपबंद केलं होतं, बोलणंही छापील करून टाकलं होतं. तेव्हा कुठं लोक जनावरं आणू लागले. आता लाकडी बैलावरून गावभर हसं झालं, तर एवढ्या कष्टानं कमावलेला दरारा मातीत!

“तुम्हाला काही कामधंदा नाही का?” ती कडाडली.

“हाय न. दिवसभर मोटारीच्या तारा गुंडाळतो. डोकं तापलं का नंदी करतो. तुमी काय करता, डोकं तापलं का?”

“मी... पुढचं जनावर तपासते.”

“मंग त्या जनावराचं काही खरं नाही!”

तिचे ओठ हललेच. मेले, वेळ बघून हलायचे तरी!

“काहून हसून राह्यल्या?”

“मी कायले हसू?” ती फणकारली, आणि जीभ चावली. छापील मराठी गेली होती वाहून. भागवत असा खुलला, की जणू बंद मोटार एका झटक्यात सुरू झाली.

“परवाच्या तान्ह्या पोळ्यात नंदी तपासाले या. बक्षीस तुमच्याच हातानं देऊ.”

“लोक हसतील मला.”

“हसले तं हसले... तुमी बी हसा थोडकं.”

येणार नाही, येणार नाही म्हणत ती गेलीच. हिरवी साडी नेसून, गळ्यात स्टेथोस्कोप घालून. ओळीतल्या एकेका नंदीच्या पोटाला तो लावून गंभीरपणे म्हणाली, “याले रंग जास्त झाला. याले शेपूट कमी पडलं.” लेकरं लोळायची बाकी राहिली. म्हाताऱ्यांच्या टोप्या हलल्या. आणि त्या हसण्यात वैभवीही हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

तेवढ्यात उकंडराव जवळ सरकले. “म्याडम... माह्या गाईनं काल पुरणाचा भरला गंज तोंड घालून रिकामा केला. पोट फुगलं हाय.”

“कालच काहून नाही सांगितलं?”

“भेव वाटे तुमचं. आज हसल्या, म्हून हिंमत झाली.”

वैभवी चमकली. ज्या दराऱ्याला इतकं जपलं, त्यापायी गाय मेली असती! पदर खोचून ती गोठ्याकडे धावली. भागवतनं गाय धरली, हिनं औषध पाजलं. सांज होता होता पोट उतरलं, गाय रवंथ करू लागली.

“डॉक्टर, एक इचारू?” भागवत दाव्याशी चाळा करत म्हणाला. “मले बी... जेवण गोड लागत नाही, झोप येत नाही.”

“मी जनावरांची डॉक्टर आहे.”

“म्हून तं तुमालेच सांगून राह्यलो!”

ती इतक्या मोठ्यानं हसली, की गाईनं रवंथ थांबवून कान टवकारले.

“इलाज हाय,” हसू आवरत ती म्हणाली. “पण जलमभर दाव्याले राहा लागन.”

“राहतो.”

“मंग इंझोरीले येऊन माह्या बाबाले इचार. अन्... येताना गालावरचं शेण पुसून ये!”