लंकाबाईंच्या टोपलीतला काळा खडा

यात एक शब्दही पदरचा नाही. मी गणिताचा मास्तर. भुताखेतांच्या गप्पांवर पोरांना दटावणारा. पण या मे महिन्यापासून माझ्यासोबत जे चाललंय, त्याचा ताळा काही केल्या जुळत नाही.

मी एकलहऱ्याला राहतो. जनगणनेच्या घरयादीच्या कामात मला गोदावरीतलं पाखरबेट आलं. जेमतेम अर्धा किलोमीटर लांब. दोन्ही बाजूंनी नदी. चौदा घरं, एक हातपंप, मारुतीचं देऊळ, बाकी सगळा कांदा आणि मका. ये-जा फक्त सावळीरामच्या होडीतून.

त्या दिवशी मारुतीचा भंडारा होता, त्यामुळे सगळं बेट घरीच होतं. दुपारपर्यंत मी मोजदाद संपवली.

बासष्ट माणसं.

शेवटचं घर लंकाबाईंचं. वय ऐंशीच्या पुढं. ओट्यावर एक टोपली, तिच्यात नदीतले खडे.

"माणशी एक खडा," त्या म्हणाल्या. "होडीत बसताना आपला काढून काठावर ठेवायचा. आलं की परत टाकायचा. पुरात कोण मागं राह्यलं ते कळतं."

मी गंमत म्हणून खडे मोजले.

त्रेसष्ट.

"आजी, एक जास्त झाला तुमचा."

"तो काळा तुमचा हाय. तुम्ही उतरले तवाच टाकला म्या."

मला हसू आलं. "मी मोजणारा माणूस. मला कशाला मोजता?"

"काढा सर. दुसऱ्यानं काढून चालत नाय."

मला घरी जायची घाई होती. राहू दे म्हणालो आणि निघालो. किती शहाणा समजत होतो मी स्वतःला!

होडीत सावळीरामनं विचारलं, "खडा काढला ना सर?"

"काढला." सरळ थाप मारली.

नदीच्या मध्यावर सहज मागं वळून पाहिलं...

लंकाबाईंच्या ओट्यावर कोणीतरी बसलं होतं. पांढरा शर्ट. मांडीवर बॅग.

माझा शर्टही पांढराच होता.

घरी आलो. बेल वाजवली, दोनदा. बायकोनं, निकितानं, दार उघडलं नाही. शेवटी मी किल्लीनं आत गेलो तर ती समोरच भाजी निवडत होती.

"अहो, कधी आलात? आवाजच नाही आला."

जूनमध्ये शाळा उघडली. हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला...

मशीन गप्प.

दुसरा अंगठा. तेच. मागच्या मॅडमचा लगेच लागला.

मग रोजच. वर्गात बोलायचो, पोरं फळ्याकडे बघत बसायची. मला आतून भीती वाटायला लागली. खडा काढायला बेटावर जायचं ठरवलं, तर धरणातून पाणी सोडलं आणि होडी बंद झाली.

जुलैच्या एका सकाळी सावळीरामचा फोन आला. मागं पाण्याचा नुसता गोंगाट.

"सर, होडीतून किती हाका मारल्या, हट्ट करू नका! सगळं बेट खाली केलं. ही शेवटची फेरी हाय. टोपलीत एकच खडा राह्यलाय. उठा ना ओट्यावरून!"

"सावळीराम... मी एकलहऱ्याला आहे. घरी."

मी फोन कानाला घट्ट लावला.

त्या गोंगाटात मला दुसरा आवाज ऐकू आला. शांत. वर्गात बोलतो तसा. माझाच.

"थांबा... एक नाव राहिलंय."

फोन कट झाला.

सावळीराम एकटाच परतला. तो ओटा तेव्हापासून पाण्याखाली आहे. त्या माणसाचं काय झालं, हे मी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "पाणी उतरलं का टोपली हुडकू."

काल संध्याकाळी सोफ्यावर बसलो होतो. पाऊस नव्हता. निकिता आतून टॉवेल घेऊन आली.

"अहो, केवढे भिजलात..."

मी खाली पाहिलं. फरशीवर पाणी साचलं होतं. गढूळ, नदीचं.

बेटावरचं पाणी अजून उतरलेलं नाही.