सुल्माच्या दोन फळ्या

हे कुणालाच पटणार नाही, मलाही पटलं नसतं. पण मोन्तेविदेओच्या रविवारच्या बाजारात माझं लग्न एका लांडग्यामुळे ठरलं.

सुल्माचं टेबल जुन्या कादंबऱ्यांच्या अदलाबदलीचं. वाचलेली द्या, दुसरी न्या. पहिल्या पानावर आपली खूण करायची, म्हणजे तीच पुन्हा घरी येत नाही. तिच्याकडे फळ्या दोन, एक प्रेमाची, एक अद्भुताची. मी तक्रार घेऊन गेलो तेव्हा ती नळीने येर्बाचा कडू चहा ओढत होती.

"हे प्रेमाच्या फळीवर कसं? नवरदेव कमरेखाली मासा आहे."

"शेपूट कापा," ती वर न बघता म्हणाली. "त्याला साधा खाटीक करा. गोष्ट उभी राहते?"

मी विचार केला. "राहते."

"मग प्रेम. आणि या दुसरीतलं प्रेम काढा... चेटकिणी, राज्य, लढाई, सगळं चालूच. ही अद्भुत."

"दोन्ही काढून उभी राहिली तर?"

"तर ते पाककृतींचं पुस्तक. हवंय का?" आता तिने वर पाहिलं. भुवईला शाई लागली होती. मी दर रविवारी जायला लागलो.

तिला भुलवायला म्हणून सांगितलं, मी सातवा मुलगा आहे. सातवा मुलगा शुक्रवारी लांडगा होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"चावता का?" तिने विचारलं.

"आजवर कुणी विचारलं नव्हतं."

ती हसली. मला वाटलं, जमलं.

मग एका रविवारी पाहतो तर ती सुतळीने पुस्तकांचे गठ्ठे बांधत होती.

"महिनाअखेर टेबल मोडतेय. साल्तोला जाते, बहिणीकडे."

"का?"

"इथे थांबायला कारण नाही." सुतळी तिच्या बोटांत तशीच राहिली. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

"लांडगा म्हणतोय की—"

"लांडगा काढा, एलादियो. बघू काय उरतं."

"उरतो... बसडेपोतला कारकून. एकुलता एक. शर्टाला इस्त्री करता येत नाही. या कादंबऱ्या मला आवडतही नाहीत... दर आठवड्याला एक वाचतो, कारण परत द्यायला यावं लागतं. जाऊ नका."

मग तिने गठ्ठ्याची गाठ सोडली.

"उभी राहते," ती म्हणाली.

आणि त्याच क्षणी, आज या टेबलाशी जमलेल्या तुम्हा सगळ्यांच्या देखत सांगतो, अद्भुताच्या फळीवरची पुस्तकं पाखरांसारखी भर्रकन उडाली, आमच्या डोक्यावर त्यांनी तीन घिरट्या घातल्या आणि—

"उडाली नव्हती," टेबलामागून सुल्मा म्हणाली. "तू रडत होतास, कोपर लागून फळी पडली. पुस्तकं मी उचलली."