कारीचं पहिलं पान

दिव्यानीची नि लोकेशची पहिली गाठ पडली ती वडसा–ब्रह्मपुरी रस्त्यावर, धानाच्या ट्रकांच्या रांगेत. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम नुकताच लागला होता. वडशात नाटक मंडळींची पोस्टरं बनवणं हे दिव्यानीचं काम. त्या सकाळी नव्या नाटकाचा फ्लेक्स गुंडाळून ती स्कुटीवर निघाली, तर पुढं सगळं अडलेलं. रस्त्याच्या मधोमध एक तरुण दोन्ही हात पसरून उभा होता, आणि त्याच्या पायाशी एक काळी कुत्री… मागचा पाय चिरडलेला, डोळे उघडे.

"मॅडम, ते गुंडाळलेलं काय आहे जी?"

"फ्लेक्स. नाटकाचा."

"मले द्या. इले उचलाले काही नाई."

मागणं इतकं सरळ होतं की तिनं देऊनच टाकला. नायकाच्या भल्यामोठ्या चेहऱ्यावर कुत्रीला अलगद ठेवलं. एक बाजू त्यानं धरली, दुसरी तिनं. बंद पडलेल्या राईस मिलच्या गोदामात लोकेश जखमी कुत्र्यांसाठी आसरा चालवत होता. तिथवर दोघांनी तिला तसंच उचलून नेलं. काळी म्हणून कुत्रीचं नाव ठेवलं कारी. नाटकवाल्यांची बोलणी मात्र दिव्यानीनं एकटीनं खाल्ली.

काही दिवसांनी तोच तिच्या दुकानात आला. मदत करणाऱ्या माणसांना आसऱ्यामागच्या संस्थेचं चार पानी वार्तापत्र पाठवायचं होतं. संस्थेचा कारभार पाहणाऱ्या भैयाजींनी त्याला धाडलं होतं, हातात फोटोंचा पेनड्राइव्ह देऊन.

दिव्यानीनं तिला येत होतं तसं पान रचलं. कारीचा रक्ताळलेला फोटो, मागं विजा, वर लालभडक अक्षरं— 'मला वाचवा'. लोकेश स्क्रीनजवळ वाकला.

"नाटकासारखं झालं जी."

"मग? लोक बघतील तरी."

"बघतील… पण कारी अशी ओरडत नाई. तुमी एकदा येऊन पाहा."

दिव्यानीला राग आला. तरी दुसऱ्या दिवशी ती गेली. गोदामात कोंड्याचा ऊबदार वास होता. कारी तीन पायांवर उठली, डुगडुगली, पुन्हा उठली आणि भाताच्या ताटलीपर्यंत आली. ओरडली नाही, की कुणाकडे पाहिलंही नाही. लोकेशनंही तिला हात दिला नाही; फक्त जवळ बसून राहिला, पडलीच तर धरता यावं एवढ्या अंतरावर. दिव्यानीनं परत येऊन सगळ्या विजा पुसून टाकल्या.

मग त्या फोटोंशीच तिचं नातं जडलं. प्रत्येक फोटोच्या कडेला लोकेशचं काहीतरी आलेलं असायचं— सलाईन उंच धरलेला हात, टेकलेला गुडघा, चावा घेतलेलं मनगट. सुरुवातीला ती ते कापून टाकायची. एका दुपारी तिच्या ध्यानात आलं, की आता आपण कापत नाही… नुसतं बघत बसतो.

"तुमचा पूर्ण एकही फोटो नाई यात," ती एकदा म्हणाली.

"मी काय कुत्रा आहो का?"

"लोकायले कळू द्या ना, चावे कोण खाऊन राह्यलं ते."

तो हसला. हसताना त्यानं मान खाली घातली, आणि त्यानंतर 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही आठवलं नाही.

पान छपाईला जाणार, त्याच आठवड्यात कारीला गोचीड ताप आला. पायाच्या जखमेतून उठलेली ती कुत्री तापातून उठली नाही.

भैयाजी दुकानात आले. माणूस वाईट नव्हता, पण संस्था चालवायची होती. म्हणाले, "फोटो ती उभी असतानाचाच राहू दे, बाई. खाली 'बरी झाली' असं लिव. दुःख वाचाले कोण मदत करते?"

लोकेश दाराशी उभा होता. ते गेल्यावर म्हणाला, "तुले वाटते ते लिव. मले नाई होत आता. राजुऱ्याले मामानं खाणीच्या ऑफिसात काम पाह्यलं आहे. हा अंक झाला का जाऊन राह्यलो."

तिला खूप बोलायचं होतं. पण ती खुर्चीवरून उठेपर्यंत तो दुकानाबाहेर पडला होता.

मग ती लिहायला बसली. नाटकांच्या जाहिराती सोडून तिनं कधी काही लिहिलं नव्हतं. खोडत खोडत शेवटी एवढं उरलं— 'कारी आमच्याकडे आली तेव्हा तिला उभं राहता येत नव्हतं. ती उभी राहिली, आपल्या पायांनी ताटलीपर्यंत गेली. नंतर तापानं गेली. जाताना तिचं डोकं एका माणसाच्या मांडीवर होतं. तुमच्या मदतीनं एवढं झालं.' भैयाजींनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "छाप."

छापलेलं पान घेऊन ती गोदामात गेली तेव्हा लोकेश ताटल्या घासत होता. हात पुसून त्यानं पान घेतलं. फोटोत कारी होती, आणि तिच्या पाठीवर एक हात.

"माझा हात काऊन ठेवला?"

"कापला असता तर ती एकटी दिसली असती."

त्याचे डोळे भरले. तो दुसरीकडे बघू लागला. बाहेर ट्रक जात होते. एक पिल्लू उगाच दिव्यानीच्या ओढणीशी झोंबत होतं.

"थांब म्हणाचा मले काही हक्क नाई," ती हळूच म्हणाली, "पण… मी म्हणून राह्यली. थांब. कुत्र्यांसाठी थांब, नाईतर माझ्यासाठी."

"एवढ्या हळू?"

"मोठ्या अक्षरात लिवू का?"

"नाई. ऐकू आलं."

त्यानं तिथंच राजुऱ्याला फोन लावला. "मामाजी, मी नाई येऊन राह्यलो." पलीकडून कारण विचारलं असावं. लोकेशनं दिव्यानीकडे पाहिलं, या वेळी मान खाली न घालता.

"इथी काम आहे," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "माणूसही आहे."