घोड्याचे मागचे पाय

टप्… टप्… टप्…

दुपारच्या निजलेल्या घरात नळ गळत होता. मावशी वैतागून उठली, स्वयंपाकघरात गेली. नळ घट्ट बंद. न्हाणीघरातला कोरडा ठणठणीत. टप् टप् मात्र चालूच! शेवटी तिने पलंगाखाली वाकून पाहिलं, तर तिथे तिची भाची पालथी पडलेली, गाल फुगवून, जीभ टाळ्याला लावून.

“भुंगे, किती पाणी वाया घालवशील?”

“बंद करते हं,” म्हणत भुंगीने करकर करत नळ बंद केला. तोंडानेच.

मावशी म्हणायचं आपलं, पण तेव्हा तिचं वय होतं जेमतेम चोवीस. ती एका लाँड्रीत गल्ल्यामागे बसायची आणि सुटीच्या दिवशी ताईच्या घरी राहायला यायची. ताई इस्पितळात नर्स. भावोजींची नोकरी परगावी. त्यामुळे घर, ड्यूटी आणि भुंगी, सगळा भार ताईच्या एकटीच्या खांद्यावर. त्यात भुंगीला हे नकलांचं वेड. शेजारच्या काकांची शिंक तिने काकांसमोरच काढून दाखवली होती. वर्गात मात्र कुणी नाव विचारलं तरी तोंडाला कुलूप.

“तिला दुसऱ्याच्या आवाजात बोलता येतं गं,” मावशी ताईला म्हणाली. “तिथून सुरुवात करू दे ना. शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये मुलांची नाटकं बसवतात. मी नेते.”

ताईने युनिफॉर्मला इस्त्री फिरवता फिरवता सुस्कारा सोडला. “ने. पण एकच नाटक. तिथेही सगळ्यांसमोर मुकी उभी राहिली ना, तर हे खूळ कायमचं बंद. रडून घरी येणारी पोर मला नकोय. मी एकटी कुठे कुठे पुरू?”

तर अशी मावशी भुंगीला घेऊन त्या हॉलमध्ये पोचली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. बसली न बसली तोच नाटक बसवणाऱ्या मास्तरीणबाई कडाडल्या, “ओ, इथे बघे चालत नाहीत! जो येईल तो कामाला लागेल. तुम्ही… मागचे पाय.”

“अं?”

“घोडा आहे नाटकात. एक मुलगी त्याला नदीपार नेते, ते काम तुमच्या भुंगीला देऊ. पुढचे पाय मिळालेत, मागचे हवेत.”

पुढचे पाय कोपऱ्यात उभे राहून चष्मा पुसत होते. उंच, किडकिडीत, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. पुतण्याला सोडायला आला होता बिचारा, आणि असाच पकडला गेला होता. चष्म्याच्या दुकानात कामाला होता, म्हणून मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं चष्मेवाला.

“नमस्कार,” तो म्हणाला. “मी… पुढे असतो.”

“कळलं,” मावशी म्हणाली. “पुरुष सगळीकडे पुढेच असतात.”

“बदलू या का? पण मग डोकं तुम्हाला सांभाळावं लागेल. फार जड आहे.”

“राहू दे. डोक्याचा आव तुम्हीच आणा.”

जुन्या पडद्यांचा तपकिरी घोडा होता तो. दोन तुकडे पोटावर टिचबटणांनी जोडलेले. आत जायचं, वाकायचं, पुढच्याच्या कमरेचा पट्टा धरायचा आणि त्याच्या कुजबुजीवर पाऊल टाकायचं. “डावा… उजवा… डावा…” भोकं होती ती फक्त घोड्याच्या डोळ्यांना. मागच्या पायांच्या वाट्याला काळोख, उकाडा आणि एक पाठ.

“दुसऱ्यांना दृष्टी विकता,” ती आतून पुटपुटायची, “आणि मला हा अंधार!”

“काय बघायचंय सांगा, मी वर्णन करतो. समोर एक ढग शेंगदाणे खातोय. तो माझा पुतण्या.”

“आणि भुंगी?”

“भुंगी… थांबा… भुंगी आपल्या घोड्याला समजावतेय. घाबरू नकोस म्हणतेय. हळू आवाजात. पण स्वतःच्या.”

मावशीची पट्ट्यावरची पकड घट्ट झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कुणाला दिसलं नाही, हे त्या अंधाराचं सुख.

किती शनिवार गेले तसे! त्याच्या सदऱ्याला काच पुसायच्या औषधाचा वास यायचा, तिच्या ओढणीला लाँड्रीतल्या वाफेचा. बाहेर आलं की दोघं घामाघूम, केस विस्कटलेले, एकमेकांकडे बघायचीही चोरी. “येते हं.” “हो… या.” बस्स. त्याचा चेहरा तिला धड आठवायचा नाही, पण पाठ? पाठ गर्दीतही ओळखली असती. आत मात्र गप्पांना ऊत यायचा. एकदा तिने विचारलंही, “तुम्ही मागे वळून का बोलत नाही हो?”

“मास्तरीणबाईंची ताकीद आहे. घोड्याने मान वळवली की शिवण उसवते.”

“फार आज्ञाधारक!”

“तसं नाही… वळलो तर पाऊल चुकेल अशी भीती वाटते.” आणि मग, उगाचच घाईने, “उजवा… उजवा…”

“दोन्ही उजवे?” तिने विचारलं. त्या दिवशी घोडा बराच वेळ लंगडत होता.

प्रयोगाचा दिवस उजाडला. ताई रजा काढून आली, पहिल्याच रांगेत बसली. पडदा उघडला, घोडा निघाला, भुंगी नदीकाठी आली… आणि तिला समोर आई दिसली.

शांतता.

आत मावशीला काहीच दिसेना. फक्त ती शांतता लांबत चाललेली. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं.

“काय झालं?” ती कुजबुजली. वर्णन आलं नाही. ‘डावा’ही नाही, ‘उजवा’ही नाही. त्याच्या पाठीचा श्वास तेवढा जोरात चाललेला.

आपणच काहीतरी करायला हवं, असं तिला वाटलं. घोडा खाली बसला तर लोक हसतील, पोरीला सावरायला वेळ मिळेल. तिने पट्टा सोडला आणि बैठक मारली. नेमकं त्याच क्षणी, भुंगीला नाकाने ढुशी द्यावी म्हणून, पुढचे पाय एक ढांग टाकून पुढे निघाले.

टच् टच् टच् टच्! सगळी टिचबटणं सुटली. घोड्याचं डोकं नदीत गेलं आणि शेपूट काठावर बसून राहिलं.

मग हशाचा असा काही लोंढा आला की विचारू नका. मावशी उजेडात डोळे मिचकावत बसलेली. संपलं, तिला वाटलं. पोरीचं नाटक आपणच बुडवलं.

भुंगीने एकदा डोक्याकडे पाहिलं, एकदा शेपटीकडे. तिचे हात हळूच कमरेवर गेले.

“शाब्बास! सकाळपासून एक काम धड झालंय का तुमच्या हातून?” आवाज हुबेहूब ताईचा. “हा अर्धा इकडे, तो अर्धा तिकडे… मी एकटी कुठे कुठे पुरू? चला, पोट जोडा आधी! मला नदी ओलांडायचीय, ड्यूटीला उशीर होतोय!”

टाळ्यांनी छप्पर दणाणलं. घोडा जुळला, नदी पार झाली, आणि पलीकडच्या काठावर भुंगीने आपलं सगळं भाषण म्हटलं. एकही शब्द न अडखळता.

नाटक संपल्यावर ताई विंगेत आली. ताईने भुंगीसमोर गुडघे टेकले.

“माझा आवाज एवढा दमलेला असतो गं?”

“संध्याकाळी जास्त,” भुंगी म्हणाली.

ताईने तिला जवळ ओढलं. बऱ्याच वेळाने नाक पुसत मावशीला म्हणाली, “आता शनिवारची ड्यूटी मी बदलून घेते. मीच आणेन हिला. तू सुटलीस बाई.”

मावशी हसली. खरंच आनंद झाला होता तिला. मग छातीत काहीतरी रिकामं रिकामं का वाटत होतं?

मागे चष्मेवाला घोड्याचं डोकं बगलेत धरून उभा होता.

“मागचे पाय सुटले म्हणे…”

“हो. ताई आणणार आहे आता.”

“पुढच्या पायांना कुणी विचारलंच नाही.” त्याने चष्मा काढला, पुसला, उलटा घातला, पुन्हा सरळ केला. “घोडा फाटला ना, तेव्हा मी वळून पाहिलं. पहिल्यांदाच. तुम्ही तिथे जमिनीवर बसलेल्या… केसांत दोरे अडकलेले… आणि भुंगीसाठी रडवेल्या झालेल्या. मला वाटलं… आता पुन्हा पाठ करून उभं राहायला आपल्याला जमणार नाही.”

“मग?”

“मग… शनिवारी घोडा नसला तरी याल?”

“डावा-उजवा कोण म्हणणार?”

“कुणीच नाही. शेजारी शेजारी चालू. चुकलं तर चुकलं.”

हॉलपासून बसथांब्यापर्यंत दोघं चालत गेली, आणि बस आली तेव्हा कुणीच हात दाखवला नाही.

ही गोष्ट मावशी आता आपल्या लेकीला सांगते. लेक दरवेळी बापाचा सदरा चढवून दोन्ही अर्ध्या घोड्यांचं काम एकटीच करते, मध्येच ताईमावशी होऊन ओरडते, आणि आईने वेणीसाठी धरलेले केस दर वाक्याला हातातून निसटतात. आई रागावत नाही. नाटक संपेपर्यंत फणी हातात धरून बसते.

आज नाटक मध्येच थांबलं. लेक सदऱ्याच्या लांब बाह्या लोंबकळत ठेवून वळली.

“आई… तो घोडा फाटलाच नसता, तर मी कुठे असते?”