सा आणि प यांच्यातलं अंतर

रुजवण झालेला माणूस तोच ठरला, की मिरजेत आता पेढे वाटतात. निकामी होत चाललेल्या मेंदूतली सगळी जोडणी नव्या पेशींत उतरवायची, ती रुजवण. घरी आलेला माणूस तोच की दुसरा, हे मग एक आकडा ठरवतो. आकडा जुळला तर कायद्याने नवरा तोच. नाही जुळला, तर त्याला नवं नाव मिळतं आणि बायकोला तेरावा घालायची मोकळीक.

ईश्वरीला तेरावा घालायचा होता.

"आकडा पुन्हा मोजला, काकू," डॉक्टर उमराणी म्हणाली. वयानं ती ईश्वरीच्या मुलीएवढी. "काकांची अविकारी राशी जशीच्या तशी आहे."

"मला कळेल असं सांग बाई. आम्ही तंबोरे करणारी माणसं."

"मग सोपंच आहे. तंबोरा वरच्या पट्टीत लावा नाहीतर खालच्या, सगळे सूर हलतात. पण सा आणि प यांच्यातलं अंतर?"

"ते कसं हलेल? ते हललं तर बेसूरच."

"तेच. बाकी सगळं बदललं तरी जे बदलत नाही, ते अविकारी. रुजवणीत मेंदूची पट्टी बदलते. काका कशावर चिडतात, कशाला हसतात, लाकडावर हात कसा फिरवतात, ही आतली अंतरं तशीच राहिलीत."

ईश्वरीला हसू आलं. "चिडतात अगदी तस्सेच. चहात आलं कमी पडलं की कप आपटतात. त्यात काही खोट नाही."

"मग?"

"तारेखालचा दोरा केसभर सरकवून सूर खुलवायचा, त्याला आम्ही जवारी लावणं म्हणतो. दोरा हे सरकवायचे, तार मी छेडायची. मी 'हं' म्हटलं की थांबायचे. ह्यांच्या कानाला आधीच कळलेलं असायचं गं, तरी माझ्या 'हं'साठी थांबायचे. आता स्वतःच छेडतात, स्वतःच थांबतात." तिनं पदरानं नाक पुसलं. "सूरही चांगला लागतो मेला."

डॉक्टरनं आकड्याचा कागद तिच्यापुढे सरकवला.

"आकडा चुकलाय म्हण ना. मला रडता तरी येईल."

"नाही चुकलेला, काकू."

"मग माझं 'हं' कुठं गेलं?"

"रुजवणीत जे हललं, ते अविकारी नव्हतं."

"म्हणजे ह्यांच्यात मी नव्हतेच?"

"होतात. नक्की होतात." उमराणीला पुढचं बोलवेना, आणि खोटंही बोलवेना. "पट्टीसारख्या."

ईश्वरी घरी आली तेव्हा तिचा नवरा वेदांत मांडीवर तंबोरा घेऊन बसला होता. ती समोर टेकली. त्यानं दोरा सरकवला, तार छेडली, पुन्हा जरासा सरकवला. सूर असा खुलला की खोली भरून गेली.

"हं," तिच्या तोंडून निघून गेलं.

वेदांतनं मान वर केली. "काही हवंय का तुम्हाला?" त्यानं अगदी अदबीनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि पिशवीतला पुडा सोडू लागली. "तुम्ही तेच आहात म्हणे. पेढे आणलेत."