नजरेच्या टप्प्यात

विमान आमच्या कुरडयांत पडलं, तेव्हा मी गच्चीच्या कोपऱ्यात केस वाळवत बसले होते.

एप्रिलमधला रविवार. लखनौच्या महानगर भागातली आमची गच्ची, जुन्या साडीवर आईने पहाटे उठून घातलेल्या ओल्या कुरडया... आणि वरून काहीही आवाज न करता एक पांढरं विमान आलं. जरा थबकलं, नाक वर केलं आणि शेपटीवर धपकन बसलं. ओळभर कुरडयांचा जागीच चिखल झाला.

मी कठड्यावरून खाली पाहिलं. गेटापाशी एक मुलगा धापा टाकत उभा होता. चष्मा, आणि रविवार असूनही कडक इस्त्रीचा शर्ट.

"जी, वो... मेरा विमान आपके यहाँ आया है क्या?"

माझा जन्म लखनौचा. इथे कोणी असं 'विमान' म्हणत नाही.

"मराठी आहात?"

त्याचा चेहरा एकदम उजळला. "हो. सांगलीचा. सिद्धेश. आणि आपण?"

"मी कुरडयांची मालकीण. वर या, पंचनामा करू."

वर आला तो आधी कुरडयांकडे बघत बसला, विमानाकडे नंतर. हे मला आवडलं, पण दाखवलं नाही. विमानाच्या शेपटीवर ॲल्युमिनियमची जाड पट्टी रिव्हेट मारून बसवलेली होती आणि तिच्यावर ठसठशीत नंबर.

"हे काय, स्कूटरची प्लेट?"

"नोंदणी क्रमांक आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "आता छंदाच्या विमानाचीसुद्धा सरकारदरबारी नोंद लागते. प्रत्येक विमानाला स्वतःचा नंबर. आणि तो विमानावर लावायचा... दिसेल असा, पक्का."

"म्हणून थेट रिव्हेट?"

"पक्का म्हटलंय ना..."

केंद्र सरकारच्या ऑडिट ऑफिसात नोकरीला होता, हे त्याने पुढच्या वाक्यात सांगितलं. मला ते आधीच कळलं होतं.

"आणि आमच्या गच्चीवर उतरायची परवानगी?"

"उडवलं नव्हतं हो. मोटर बंद होती. मागच्या गल्लीत राहतो, गच्चीवरून नुसतं हाताने सोडून पाहिलं. कठड्याच्या आत पडायला हवं होतं, वाऱ्याने उचललं..." त्याचे कान लाल झाले होते. "चूकच आहे तशी."

एवढ्यात बाबा वर आले. माझे बाबा, दिनकर आठल्ये, रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर. त्यांनी विमान उचललं आणि दोन्ही पंखांखाली एकेका बोटाचं टोक लावून ते तोललं. शेपूट सरकन खाली गेलं.

"शेपूट जड झालंय. पट्टी काढ."

"पण काका, नियम—"

"नियमात नंबर लाव म्हटलंय. शेपटीला लाव म्हटलंय का?"

मी इतकी हसले की आई काय झालं ते बघायला वर आली, आणि कुरडया बघून माझ्यावरच चिडली.

चहाला म्हणून तो खाली आला आणि हॉलच्या दारातच थांबला. आमच्या हॉलच्या छताला सारस टांगलेला असायचा. बाबांनी स्वतः बनवलेलं ग्लायडर. एकसंध पंख, माझ्या उंचीपेक्षा लांब. आत लाकडाच्या बारीक फासळ्या आणि वर इतका पातळ कागद की खिडकीतलं ऊन त्यातून आरपार यायचं. सिद्धेश मान वर करून नुसता बघत राहिला. आईने पुढे केलेला चहा त्याला दिसलाच नाही.

"कोणी बनवलं?" त्याचा आवाज देवळात गेल्यावर होतो तसा खाली आला होता.

"असंच आपलं... फावल्या वेळात," बाबा म्हणाले आणि आत निघून गेले.

मग मीच सांगितलं. काही वर्षांपूर्वी बाबा मैदानावर सारस उडवत होते. एका हवालदाराने सगळ्या फिरायला आलेल्या लोकांसमोर विचारलं, नंबर है? परमिशन है? जन्मभर रुळांच्या तपासणीत मिलीमीटर न सोडणारा माणूस, आणि त्याच्याकडे नंबर नव्हता. घरी आले, छताला हूक ठोकले, सारस टांगला. त्यानंतर त्यांनी कधी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी सिद्धेश सांगलीहून मागवलेल्या कुरडयांची पिशवी घेऊन हजर. "नुकसानभरपाई," म्हणाला. आई विरघळली. मला थोडा वेळ लागला... फार नाही.

संध्याकाळी मी निशातगंजच्या बँकेतून सुटले की तो बाहेर उभा असायचा. कपूरथळा मार्केटमध्ये कुल्फी खायची आणि चालत घरी यायचं. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा तो सिग्नल हिरवा व्हायची वाट बघायचा. मी म्हणायचे, यार, तू माणूस आहेस की परिपत्रक? तो हसायचा आणि उभाच राहायचा. एकदा त्याने फोनवर नकाशा दाखवला. लाल भागात विमान उडवायचंच नाही, पिवळ्यात आधी परवानगी, हिरव्यात मोकळीक.

"मी कुठल्या रंगात?" मी विचारलं.

त्याने चष्मा नीट केला. "पिवळ्या."

"मग परवानगी माग ना."

"मागेन... सगळे कागद पूर्ण झाले की."

कुल्फी माझ्या मनगटावर वितळत होती आणि त्याने खिशातून घडी घातलेला रुमाल काढून दिला. एवढंच. मी रात्रभर त्या रुमालाचा विचार करत होते, वेड्यासारखी.

पण एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. दिवाळीनंतर आई-बाबा कायमचे वाईला जाणार होते, आणि त्यांच्याबरोबर जायचं म्हणून मी साताऱ्याला बदली मागितली होती. सिद्धेश भेटण्याच्या आधीच. सांगितलं तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि तो छत्री मिटत होता.

"आणि सारस?" त्याने विचारलं. माझ्याबद्दल नाही, सारसबद्दल. मला राग आला.

"पंख ट्रकच्या धक्क्यांत टिकणार नाही. बाबा म्हणतात राहू दे इथेच, घरमालक काय ते करील."

"न उडवता?" तो म्हणाला. "चारू, असं नाही चालणार."

दुसऱ्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर बसला. बाबा म्हणाले, "या वयात मला कोण नंबर देतंय?"

"काका, मला दिला. मी तर शेपटीला पट्टी ठोकणारा माणूस आहे."

बाबांच्या ओठांचा कोपरा हलला. मग एकेक प्रश्न सुरू झाला. वजन किती, लांबी किती. बाबा पाठ असल्यासारखे सांगत होते.

"बनवणारा कोण?" सिद्धेशने विचारलं.

आई कढईतला झारा तसाच धरून दारात उभी राहिली.

"लिही," बाबा सावकाश म्हणाले. "दिनकर केशव आठल्ये."

यथावकाश नंबर आला. बाबांनी चष्मा लावून तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. सारस खाली उतरवला गेला. नंबर मी लिहिला, पंखाच्या खाली, अगदी मधोमध, जिथे तोल असतो तिथे. कागद इतका पातळ की पेन टेकवताना मी श्वास धरला होता. मग तोल पाहायचा. पण पंख इतका लांब की एका माणसाचे हात पुरेनात. एका बाजूला माझ्या बोटाचं टोक, दुसऱ्या बाजूला सिद्धेशच्या. सारस हवेत तरंगल्यासारखा आडवा उभा राहिला, नाक ना वर ना खाली.

"हलू नकोस," तो हळूच म्हणाला.

मी कुठे हलत होते? जे हलत होतं ते आत होतं, आणि पंखाच्या पलीकडून त्याला ते दिसत असावं, कारण तोही माझ्याचकडे बघत होता. बाबा खोकले तेव्हा आम्ही भानावर आलो.

दिवाळीच्या आदल्या रविवारी आम्ही शहराबाहेर गेलो, नकाशावरच्या हिरव्या भागात. भात कापलेली शेतं, वर विरत चाललेलं धुकं. दूर पाण्यात खऱ्या सारसांची जोडी उभी होती, लाल माना, शांत. बाबांच्या हातात रिमोट होता.

आणि नेमकी मोटरसायकल आली. हवालदार. बाबा ताठ झाले, मी पाहिलं.

"ये क्या है बाबूजी, ड्रोन?"

"ग्लायडर है," बाबा म्हणाले. "रजिस्टर्ड."

"नंबर?"

बाबांनी सिद्धेशच्या हातातला पंख हलकेच कलता केला. हवालदार वाकला, एकेक अक्षर वाचलं.

"कंपनी कौन सी है?"

"कंपनी नहीं. मैंने बनाया है."

हवालदाराने त्या आरपार दिसणाऱ्या पंखाकडे पाहिलं, मग बाबांकडे. टोपी काढून काखेत धरली. "तो उड़ाइए न साहब. हम भी देखें."

सिद्धेश चार पावलं धावला आणि त्याने सारस सोडला. नाकातल्या छोट्या मोटरने त्याला वर नेलं आणि मग बाबांनी ती बंद केली. एकदम शांतता. मी रोज ज्याच्याखाली जेवले, अभ्यास केला, भांडले, तो सारस वर होता. सूर्य त्याच्या पंखांतून आरपार येत होता, एकेक फासळी दिसत होती. शेतातून गरम हवा वर येत होती आणि तिच्यावर तो चढत होता, इंजिनाशिवाय. एक घार आली, त्याच्या शेजारी घिरट्या घालू लागली. माझे डोळे कधी भरले ते मला कळलंच नाही. इतकी वर्षं मान वर न केलेला माणूस सगळंच्या सगळं आभाळ बघत होता.

बऱ्याच वेळाने त्यांनी रिमोट सिद्धेशच्या हातात दिला. "धर. हा आता इथेच राहील. नंबर तेवढा नावावर करून घ्या." आणि ते हवालदाराला फासळ्या कशा कापतात ते समजवायला गेले.

मी सिद्धेशच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्याचे डोळे वर होते.

"सिद्धेश, इकडे बघू नकोस हं."

"बघूच शकत नाही. विमान सतत नजरेच्या टप्प्यात ठेवायचं, नियमच—"

"माहीत आहे. म्हणून तर आत्ता बोलतेय. मी बदलीचा अर्ज मागे घेतला."

वर सारस डगमगला.

"पंख सरळ ठेव," बाबा मागून म्हणाले.

"काका-काकूंना...?" सिद्धेशने विचारलं.

"आई-बाबांना सांगितलंय. आई रडली, मग म्हणाली, त्याला कुरडया करायला शिकव. तुझे कागद पूर्ण व्हायची वाट बघत बसले असते तर म्हातारी झाले असते मी. मला तू आवडतोस. खूप. आता बोल."

त्याचे कान लाल झाले, मानेपर्यंत. दोन्ही हात रिमोटवर, नजर आभाळात.

"एप्रिलपासून, चारू," तो आभाळालाच म्हणाला. "कुरडया बघत होतो ना... मान वर करून तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती. मला... आधी याला उतरवू दे, प्लीज."

"उतरवू नका रे एवढ्यात," बाबा ओरडले. "हवा फार सुंदर आहे."

मग काय, थांबलो. तो सारसकडे बघत होता, मी त्याच्याकडे. त्याच्या गालावरून एक थेंब ओघळला आणि तो पुसायलाही त्याने हात काढला नाही. कापलेल्या शेतावर सावली आधी आली, मग सारस आला आणि गवतावर अलगद टेकला. सिद्धेशने रिमोट खाली ठेवला, चष्मा काढून पुसला, परत लावला.

आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. सारसकडे पाहत होता तसंच, नजर जराही न हटवता.