चार ठोके

आरोही काळ्या पडद्याआड रिमोट घट्ट धरून बसली होती. रोबोट पडद्यापलीकडे, तिला दिसत नव्हता. बोलायला मनाई. पलीकडे उभ्या असलेल्या तिच्या जोडीदाराने, मयुरेशने, लाकडी पेटीवर ठोके मारायचे आणि तिने ते ऐकून रोबोट वळवायचा, असा उन्हाळी सुट्टीतल्या त्या स्पर्धेचा नियम होता. दोघांनी आपली खूण ठरवली होती: एक ठोका डावीकडे, दोन उजवीकडे, तीन म्हणजे थांब आणि चार म्हणजे अडकलो, मागे घे.

स्पर्धा पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये भरली होती. हंगाम सरल्यामुळे हॉल रिकामा होता. मागच्या कोल्ड रूममध्ये तेवढे बेदाणे ठेवलेले आणि तिचं यंत्र सारखं घुमत होतं.

पहिल्याच फेरीत चार ठोके ऐकून आरोहीने रोबोट मागे घेतला आणि तो धाडकन भिंतीवर आदळला.

"अडकला नव्हता, तर चार कशाला मारलेस?" ती चिडली.

"मी दोनच मारले," मयुरेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "आईशप्पथ."

दुसऱ्या संघातल्या सार्थकने लगेच पुडी सोडली, की इथे सुनसान वेळी कुणीतरी क्रेट मोजत फिरतं. आरोहीने त्याला उडवून लावलं, पण अंगावर काटा आलाच. कारण ते ठोके समोरून आलेच नव्हते. ते पाठीमागून आले होते, आणि पाठीमागे कोल्ड रूमची जाड भिंत होती.

शेवटची फेरी सुरू झाली. पहिला नंबर आता याच फेरीवर ठरणार होता, आणि मध्येच जागा सोडली की संघ बाद. एक ठोका, डावीकडे. दोन ठोके, उजवीकडे. मग पाठीमागून, अगदी हळू, चार. या वेळी तिने रोबोट मागे घेतला नाही. थोड्या वेळाने पुन्हा चार. त्यातला शेवटचा तर नुसता घासल्यासारखा वाजला.

भूत असेल, तर त्याला आपली खूण कशी ठाऊक? बाहेरच्या एकाच माणसाला ती सांगितली होती. सकाळी हॉल झाडणाऱ्या झुंबरबाई त्यांचा सराव बघत उभ्या होत्या. "चार म्हंजी अडकलो व्हय? लय भारी हाय," म्हणून हसल्या होत्या. त्यानंतर त्या कुणालाच दिसल्या नव्हत्या.

आरोहीने रिमोट खाली ठेवला आणि पडदा सारून धूम ठोकली. परीक्षक मालिनीताईंनी शिट्टी वाजवली. मयुरेश काही न विचारता तिच्यामागे धावला. दोघांनी मिळून कोल्ड रूमची कडी ओढली. आत दाराशीच झुंबरबाई पदर गुंडाळून बसल्या होत्या, ओठ निळे पडलेले, हातात झाडूचा दांडा.

व्यवस्थापक शेखरकाका फोनवर बोलता बोलता आत न बघताच कडी लावून गेले होते. आतून उघडायचा खटका कधीचाच मोडला होता. आता त्यांना मान वर करवेना.

संघ बाद झाला. आरोहीला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही. मालिनीताई तिच्याजवळ बसल्या.

"आम्ही एवढी मोठी माणसं इथे होतो," त्या म्हणाल्या, "पण खूण ऐकलीस ती तू."

झुंबरबाईंना बाहेर उन्हात खुर्चीवर बसवलं होतं. गरम चहा पोटात गेल्यावर त्यांना जरा हुशारी आली. त्यांनी आरोहीला जवळ बोलावलं.

"पोरी, अन् सुटले म्हणायचं तर किती मारायचे?"

आरोहीने मयुरेशकडे बघितलं. ती खूण त्यांनी ठरवलीच नव्हती.

"पाच," ती म्हणाली.

झुंबरबाईंनी बोटांनी खुर्चीच्या दांडीवर पाच ठोके मारले.